जकातनाक्याचा डावा हात

आमच्या लांपात रोसेंदो कालसिनाला रोसेंदो म्हणून हाक मारणारी माणसं दोनच, बायको आणि पाद्री. बाकी गावासाठी तो जकातनाका. बोलिव्हियाच्या हद्दीवरून चोरटा माल आणणाऱ्या ट्रकवाल्यांच्या भागात एखाद्याला हे नाव पडणं काही कौतुकाचं नसतं, पण रोसेंदोला ते कौतुकानेच पडलं होतं. फुटबॉलमध्ये तो बचावात खेळायचा आणि त्याच्या बाजूने तपासल्याशिवाय कुणी पुढे सरकत नसे.

तपासणं त्याच्या हाडीमासी भिनलं होतं. चौदाव्या वर्षापासून तो मामाच्या लोकरीच्या वखारीत बसायचा. डोंगरातली माणसं अल्पाकाची लोकर पोत्यांत घालून आणत, आणि वजन भरावं म्हणून कुणी तळाशी वाळू मिसळी, कुणी मधल्या थराला पाणी मारी. रोसेंदो पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, बोटं बाहेर काढून अंगठ्यावर चोळायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "मावशी, खालून ओली आहे." मावशी आकाशातल्या सगळ्या संतांची शपथ घ्यायची. तो मान हलवायचा आणि पुन्हा म्हणायचा, "खालून ओली आहे." तो चुकल्याचं कुणाला आठवत नाही. त्यामुळे त्याला गावात मित्र कमी होते, आणि ते का कमी आहेत याचाही त्याला संशय होता.

मैदानावर तो हेच करायचा. पायांत वेग नव्हता, उंची बेताची, डोक्याने चेंडू मारताना डोळे मिटायचा. पण समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो म्हणायचा, पुढे खेळणाऱ्याचे डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, पाय तर जन्माचे लबाड; खरं बोलते ती फक्त कंबर. म्हणून तो कंबरेकडे बघत मागे मागे सरकायचा आणि योग्य वेळी पाय घालायचा. त्यातूनही कुणी निसटलाच तर शेवटचा उपाय होता डावा हात. निसटणाऱ्याच्या शर्टाची किनार कंबरेपाशी चिमटीत धरायची, अर्धा पिळा द्यायचा आणि सोडून द्यायची. माणूस स्वतःच्याच पायात अडकल्यासारखा पडायचा. पंच धावत येईपर्यंत रोसेंदोचे दोन्ही हात पाठीमागे असायचे. गावाने त्यालाही नाव दिलं होतं, शिक्का. "मारला रे शिक्का!" असं सगळं मैदान ओरडायचं, फक्त पंचाला ऐकू यायचं नाही.

सतराव्या वर्षापासून तो खेळला. आमच्याकडे दरवर्षी गावागावांची ती मोठी स्पर्धा लागते, आधी तालुका, मग जिल्हा, मग पार देश, आणि प्रत्येक गाव बाहेरून चार-पाच चांगले गडी आणतं. असा आणलेला गडी म्हणून रोसेंदो सोळा वर्षांत आठ गावांकडून खेळला. कुणी वखारीत काम देई, कुणी नगरपालिकेत, कुणी नुसतंच जेवण. एकदा समुद्राकाठच्या एका बऱ्या संघाने त्याला वर्षभर ठेवलं. तिथे हवा दाट, छाती फुगून यायची, तो दुप्पट धावू लागला. प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाला, "या डोंगरातल्या माणसाकडून शिका." रोसेंदोला वाटलं, हा एवढी स्तुती करतोय म्हणजे याला मला कुठेतरी विकायचंय. वर्ष संपताच तो न सांगता बस धरून परत आला. त्या प्रशिक्षकाच्या मनात खरंच काय होतं, देव जाणे. मला विचाराल तर काही नव्हतं.

त्या आठांतलं एक गाव म्हणजे हुलियाका, आणि तिथे त्याला तोरिबियो लुके भेटला. तोरिबियो आयाविरीचा, पुढे खेळणारा, उंच, हसरा आणि जगातल्या कुठल्याही माणसावर भाळणारा. बसस्टँडवर कुणीही रडगाणं गायलं की हा स्वतःची चप्पल काढून देणार. टायरच्या दुकानावर एका खोलीत दोघं तीन वर्षं राहिले, थंडीत एकाच रगाखाली. पहिलं वर्षभर रोसेंदो त्याच्याकडे पोत्याकडे बघावं तसं बघत होता. उशीखाली नाणी मोजून ठेवायचा आणि सकाळी बघायचा. उष्टा रस्सा मुद्दाम झाकून ठेवायचा. काही सापडेना. मग एक दिवस तोरिबियोच म्हणाला, "नाक्या, दमला असशील तपासून तपासून. काही मिळालं तर मलाही सांग हां, मीही बघतो."

रोसेंदोला त्या दिवशी हसू आलं. पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली, निएवेस. तो पाव, संत्री आणि एक बाटली घेऊन तोरिबियोसमोर रीतसर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या पोरीचं जावळ तू काढायचंस."

आमच्याकडे जावळ ही थट्टा नव्हे. पोर तीनेक वर्षांची होईपर्यंत केसांना कात्री लावायची नाही. मग धर्मबाप येतो, पहिली बट कापतो आणि पोरीला एक मादी जनावर देतो. त्या जनावराची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या पोरीची. बापालाही विकता येत नाहीत. आणि त्या दिवसापासून पोरीचा बाप आणि धर्मबाप एकमेकांचे कंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, जमिनीवरून डोकं फोडता येतं. कंपाद्रेवर हात उगारायचा नाही. उगारला तर गारा पडतात, असं म्हाताऱ्या सांगतात. म्हाताऱ्यांचं सोडा, तरणीही उगारत नाहीत.

पुढे दोघं आपापल्या गावी परतले. रोसेंदो तेहेतीस वर्षांचा झाला होता आणि त्याच वर्षी लांपाने कधी नव्हे ती मजल मारली. बुधवारी उपांत्य सामना जिंकला आणि पुनो जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात लांपासमोर आयाविरी असं ठरलं, तीन आठवड्यांनी, हुलियाकाच्या मैदानावर. शुक्रवारी पहाटे रेडिओवर निरोप लागले. डोंगरात फोन नव्हते तेव्हा, सगळ्यांचे निरोप रेडिओवरच, आणि सगळा जिल्हा ते चहाबरोबर ऐकायचा. निवेदिका म्हणाली, "लांपाच्या रोसेंदो कालसिना यांना आयाविरीचे तोरिबियो लुके कळवतात, येत्या रविवारी कात्री घेऊन जावळाला येत आहे, तयारी ठेवावी."

वालेरियाना, रोसेंदोची बायको, चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"याच रविवारी?" ती म्हणाली. "तीन वर्षं सवड नव्हती, आणि आता बुधवारी सामना ठरला तर शुक्रवारी सवड झाली?"

"तेच म्हणतोय मी मनात," रोसेंदो म्हणाला.

"मग पुढं ढकल. फायनल होऊन जाऊ दे."

"धर्मबापाने दिलेला दिवस परत पाठवू? रेडिओवर? अख्ख्या जिल्ह्यासमोर?"

ते होण्यासारखं नव्हतंच. पण रोसेंदोच्या मनात त्या शुक्रवारी जे पाणी मुरायला लागलं ते मुरतच राहिलं. याला माझा डावा हात माहीत आहे, तो मनाशी म्हणाला. तीन वर्षं माझ्या शेजारी खेळलाय. हात बांधायला येतोय हा.

रविवारी तोरिबियो ट्रकमधून उतरला. मागे एक पांढरी शुभ्र अल्पाका, कानांत लाल गोंडे. अंगणात मेंढीचं मांस भट्टीत गेलं होतं, शेजारीपाजारी जमले होते आणि त्यातला प्रत्येक जण एक डोळा मांसावर आणि एक डोळा या दोघांवर ठेवून होता. रोसेंदो आधी जनावराकडे गेला. दात बघितले, खूर बघितले, लोकरीत बोटं कातडीपर्यंत घातली आणि वाळू लागते का ते चाचपलं.

"अरे, भेट आहे ती!" तोरिबियो हसत ओरडला. "विकत नाही देत तुला!"

जनावरात खोट नव्हती. त्याने रोसेंदो आणखीच अस्वस्थ झाला; एवढं चांगलं जनावर उगीच कोण देतं?

मग निएवेसला स्टुलावर बसवलं. तिच्या गुंत्यांच्या वालेरियानाने बारीक बारीक वेण्या घालून फिती बांधल्या होत्या. पोरीने कात्री बघून भोकाड पसरलं. तोरिबियोने गुडघ्यावर बसून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, काय ते कुणालाच कळलं नाही, पण ती हुंदका देत थांबली. रीतीप्रमाणे बापाने ताटली धरायची असते. रोसेंदोने ती डाव्या हातात धरली. कात्री करकरली, पहिली वेणी फितीसकट ताटलीत पडली, आणि तोरिबियोचे डोळे भरून आले. खोटं रडायला त्याला येत नसे, हे रोसेंदोला तीन वर्षांच्या खोलीतून माहीत होतं. तरीसुद्धा त्या दिवशी त्याने ते डोळे नीट निरखून पाहिले.

"आता झालो आपण कंपाद्रे," तोरिबियो त्याला मिठी मारत म्हणाला.

"झालो," रोसेंदो म्हणाला.

अंतिम सामन्याची अठ्ठ्याऐंशी मिनिटं कोरी गेली. तोरिबियो आला की रोसेंदो कंबर बघे आणि पाय घाली, पाच वेळा, सहा वेळा. धूळ एवढी की प्रेक्षकांना चेंडू अंदाजानेच दिसत होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला तोरिबियो उजवीकडे वळला. कंबर खरं बोलली होती, रोसेंदोने ती बरोबर वाचलीही, पण तेहेतीस वर्षांचे पाय अर्धं पाऊल मागे राहिले. समोर शर्टाची किनार फडफडत होती. डावा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. तोरिबियो गेला, गोल झाला. लांपातून सात ट्रक भरून आलेली माणसं अशी गप्प झाली की आयाविरीवाल्यांचे ढोल कानात दुखायला लागले.

"पाय घसरला," रोसेंदो सगळ्यांना म्हणाला. त्याचा पाय घसरला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. गावच्या संघाचे अध्यक्ष विल्फ्रेदो, आमचे औषधवाले. त्यांनी तो मोठा करून चौकटीत घालून दुकानात गल्ल्याच्या वर टांगला. फोटोत तोरिबियो पुढे, रोसेंदो मागे, डावा हात उघडा, बोटं पसरलेली, आणि बोटं व शर्ट यांच्यामध्ये वीतभर अंतर. खोकल्याचं औषध घ्यायला गेलेला माणूसही दोन मिनिटं तिथे मान वर करून उभा राहायचा. रोसेंदो एकदा दुकानात गेला आणि म्हणाला, "हा काढा."

विल्फ्रेदोंनी चष्मा पुसला. "मी कुठे काय म्हणतोय, बाबा? मी फक्त विचारतोय. त्या हाताला काय झालं होतं?"

"पाय घसरला माझा."

"असेल, असेल. मी हाताचं विचारत होतो."

त्यानंतर त्याला लांपाच्या संघात कुणी बोलावलं नाही. दोन वर्षं तो खालच्या एका खेड्याकडून खेळला. तिथेही तो मैदानात उतरला की कुणीतरी ओरडायचं, "नाका उघडा आहे रे, जो कंपाद्रे असेल त्याने जावं!" मग त्याने बूट वखारीच्या खिळ्याला टांगले ते टांगले. वखारीतही बदल झाला. मावशीच्या पोत्यात हात घालून तो "ओली आहे" म्हणाला की मावशी म्हणायची, "हो का? आणि तुझी अल्पाका कोरडी आहे ना?"

कारण गावाच्या हिशेबी त्याने गोल विकला तो त्या अल्पाकावर, आणि ती होतीच, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दर पावसाळ्यात तिला पिल्लू व्हायचं. दुसऱ्या एखाद्याची लबाडी लोक विसरले असते, पण रोसेंदोची लबाडी कुरणात चरत होती आणि वर्षाला वाढत होती. लोक त्यांना गोलाची पिल्लं म्हणत. विकणं त्याच्या हातात नव्हतं, जनावरं निएवेसची. कापणं तर महापाप. एका वर्षी तीन पिल्लं गारठ्याने गेली, तेव्हा रोसेंदोला आतून बरं वाटलं आणि त्याची त्याला दिवसभर लाज वाटली.

तोरिबियो दरवर्षी निएवेसच्या वाढदिवसाला भाजलेलं कोकरू घेऊन यायचा. त्याच्या घरी तो चेंडू काचेच्या कपाटात ठेवलेला होता. त्या गोलामुळे आयाविरीत त्याला रेशनाच्या रांगेत उभं राहावं लागत नसे आणि मिरवणुकीत मूर्तीच्या पुढच्या खांद्याचा मान मिळे. लांपात लोक काय बोलतात ते त्याच्यासमोर कुणी बोलत नसे आणि रोसेंदोनेही कधी सांगितलं नाही. निएवेसला मांडीवर घेऊन तो सांगायचा, "तुझा बाप म्हणजे या डोंगरांतला सगळ्यात कठीण नाका. सगळ्यांनी शिक्का खाल्ला. मी एकटा पार झालो! म्हणे पाय घसरला. पाय नाही घसरला पोरी, मी गरगर फिरवला त्याला." आणि हसायचा. रोसेंदो हसणाऱ्या तोंडाकडे बघत राहायचा. याला माहीत आहे, की याला खरंच माहीत नाही? तो रविवार याने का निवडला? ओठांवर आलेला प्रश्न तो दरवर्षी चहाबरोबर गिळायचा.

त्या सगळ्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं, निएवेस. शाळेत कुणी गोलाची पिल्लं म्हटलं की ती दगड उचलायची. नऊ वर्षांची असताना तिने एकदाच विचारलं, "पापा, खरं काय झालं होतं?"

"पाय घसरला, बाळा."

"मग बस," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत दगड उचलला.

ती पंधरा वर्षांची असताना आजीसाठी गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. गर्दी होती, थांबावं लागलं. घरी येऊन तिने गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि बापाकडे न बघता म्हणाली, "पापा, फोटोत तुमचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. सपाट."

ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त जनावरं सोडायला निघून गेली. त्यानंतर पाच वर्षं तिने तो विषय काढला नाही आणि दगडही उचलला नाही. गावाने चोर म्हटल्याचं रोसेंदोने सोसलं होतं, खाली पडलेले तिचे हात मात्र त्याला सोसवेनात.

यंदा डिसेंबरात, मातेच्या सणाला, गावच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की जुन्या खेळाडूंचा सामना ठेवायचा, लांपा आणि आयाविरी, तीच माणसं. कुणाच्या डोक्यातून निघालं ते सांगायला नको. विल्फ्रेदो स्वतः घरी आमंत्रण घेऊन आले. "मी काही म्हणत नाही, गंमत आहे," ते म्हणाले. "लोकांना बघायला आवडेल."

रोसेंदो पन्नाशीला आला होता. त्याने बूट खिळ्यावरून काढले, त्यांना चरबी लावली.

"तू जाणार?" वालेरियानाने विचारलं.

"जाणार. आणि तो माझ्या बाजूने आला की पाडणार."

"कंपाद्रेला?"

"अख्ख्या गावासमोर. म्हणजे कळेल सगळ्यांना, माझ्या नाक्यावर कुणी कंपाद्रे नसतो. मग म्हणतील, तेव्हा खरंच घसरला असेल." तो थांबला. "निएवेस म्हणेल."

वालेरियानाने क्रूसाची खूण केली आणि त्याचे मोजे शिवायला घेतले.

त्या दिवशी सगळं गाव मैदानाभोवती होतं. ढगांनी डोंगर गिळले होते आणि गारांचा वास सुटला होता. तोरिबियोचं पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, पण हसणं तेच. मध्येच तो लांबून ओरडला, "नाक्या, आज पासपोर्ट आणलाय हां!" लोक हसले. निएवेस कुंपणापाशी उभी होती, वीस वर्षांची, हाताची घडी घालून.

उत्तरार्धात चेंडू तोरिबियोकडे आला. म्हाताऱ्या पायांनी तो तेवढाच उजवीकडे वळला आणि रोसेंदो तेवढाच अर्धं पाऊल मागे राहिला. शर्टाची किनार समोर होती. रोसेंदोने डावा हात घातला, चिमटीत धरली, अर्धा पिळा दिला आणि सोडली.

तोरिबियो खांद्यावर पडला. कट्कन आवाज झाला तो कुंपणापर्यंत ऐकू आला.

मग लोकरीवाली एक म्हातारी ओरडली, "अगं बाई! चालतोय की गं हात!" आणि मैदान फुटलं. हसणं, शिट्ट्या, शिव्या, सगळं एकदम. "तेव्हा का नाही चालला?" "तेव्हा कुलूप होतं!" "किल्ली अल्पाकाच्या गळ्यात होती!" विल्फ्रेदो बाजूच्या माणसाला म्हणत होते, "मी काही म्हणत नाही. पण बघितलंत ना? येतं त्याला."

रोसेंदो उभाच राहिला. सतरा वर्षांत जे कुणी सिद्ध करू शकलं नव्हतं ते त्याने स्वतःच्या हाताने सिद्ध करून दिलं होतं. त्याचे दोन्ही हात सवयीने पाठीमागे गेले होते.

निएवेस कुंपण ओलांडून धावत आली. बापाकडे न बघता ती धर्मबापाशेजारी गुडघ्यांवर बसली, पाठीवरची शाल सोडली आणि त्याचा हात गळ्यात बांधू लागली. तोरिबियो विव्हळत नव्हता. तो रोसेंदोकडे बघत होता आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"कंपाद्रे," तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तू मला सोडलंस?"

सगळ्यांनी आजवर, घेतलंस किती, असंच विचारलं होतं. या माणसाच्या चेहऱ्यावर तो हिशेब नव्हता. एखाद्याचं घरचं काहीतरी हरवावं तसा तो चेहरा होता. रोसेंदोने असंख्य पोत्यांत हात घातले होते, त्याला कोरडं काय ते कळत होतं. हा चेहरा तळापर्यंत कोरडा होता. याला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं.

"पाय घसरला नव्हता," रोसेंदो म्हणाला. आवाज लांबपर्यंत गेला नाही, पण निएवेसचे हात शालीच्या गाठीवर थांबले. "हात नाही पुढं गेला. त्या सामन्याआधी काही दिवसच याच हातात ताटली होती. हिची वेणी पडली होती तिच्यात. मी काही ठरवलं नव्हतं. हातच नाही गेला."

मग रोसेंदोने सतरा वर्षांचा घोट बाहेर काढला.

"तोरिबियो, तू तोच रविवार का निवडलास?"

"कुठला?"

"जावळाचा. बुधवारी सामना ठरला, शुक्रवारी तू निरोप दिलास."

तोरिबियोला आठवायलाच वेळ लागला. कपाळावर आठ्या पडल्या. "ट्रक," तो म्हणाला. "माझ्या मेहुण्याचा ट्रक त्या रविवारी लांपाकडे रिकामा येणार होता. अल्पाका काय सायकलवर आणणार होतो?"

रोसेंदोला वाटलं, आपण खाली बसावं. तो बसलाही, तिथेच, मातीत.

"थांब," तोरिबियो हळूहळू म्हणाला. "म्हणजे मी तुझा हात बांधायला आलो, असं तुला वाटत होतं? फायनलच्या आधीपासून?"

"हो."

"आणि तरी पुढं नाही गेला हात?"

"नाही गेला."

गारा पडायला सुरुवात झाली होती, बारीक, साबुदाण्याएवढ्या. लोक छपराकडे पळत होते आणि पळतापळताही मागे वळून बघत होते. निएवेसने गाठ पक्की केली. मग ती उठून बापाकडे आली, त्याचा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. आणि म्हणाली, "पापा, हे मी नऊ वर्षांची असतानाच सांगितलं असतं तरी मी दगड उचलला असता."

तोरिबियोने चांगला हात वर केला. रोसेंदोने उठून तो धरला आणि त्याला ओढून उभं केलं. दोघं गारांत एकमेकांना धरून उभे राहिले.

"अवघड माणूस आहेस तू, कंपाद्रे," तोरिबियो म्हणाला. थोडं अंतर चालल्यावर तो थांबला. त्याचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता.

"पण माझा गोल गेला रे."